मोटर पडून आहे, काय बनवू?

यावेळची पत्रं एकापाठोपाठ एक वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट फार जाणवली, बरीचशी पत्रं एकाच वाक्यानं सुरू होतात, "माझ्याकडे एक मोटर पडून आहे". मग त्या मोटरला काहीतरी जोडायचं, फ्रेम करायची आणि मशीन तयार. मी पण बरीच वर्षं असंच केलं आणि माझी पहिली तीन मशीनं त्यामुळेच मोडून परत भंगारात गेली, म्हणून अगदी मनापासून सांगतो, मोटर सगळ्यात शेवटी ठरवा. आधी बघा टोकाला काय होणार आहे, म्हणजे जिथे हत्यार जॉबला (ज्या तुकड्यावर काम करतोय त्याला) लागतं तिथे वेग किती हवा, जोर किती हवा, आणि तो जोर फ्रेममधून फिरून परत कुठे जातो. तिथून मागे मागे येत शाफ्ट, बेअरिंग, पुली आणि मग मोटर. खालची बहुतेक उत्तरं याच वाटेनं जातात.

प्रश्न : सर, बंद पडलेल्या वॉशिंग मशीनची मोटर काढून ठेवलीये. डायरेक्ट वायर जोडून बघितली तर एवढी जोरात पळाली की टेबलावरून खालीच पडली. सुऱ्या आणि पटाशा घासायला बेल्ट ग्राईंडर बनवायचाय, ५० मिमी रुंदीचे पट्टे मिळतायत. पुली केवढी घेऊ? आणि पट्टा सारखा एका बाजूला उतरतो म्हणतात, त्याला काय करायचं?

उत्तर : आधी ती मोटर परत तशी डायरेक्ट जोडू नका. तुम्ही सांगताय त्यावरून ती कार्बन ब्रशवाली, सिरीज वायंडिंगची मोटर आहे (बाजूला दोन ब्रश होल्डर दिसतात का बघा). या मोटरची खोड अशी की लोड नसेल तर कुठे थांबायचं हे तिला कळतच नाही, वेग वाढतच जातो, दहा हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर सहज जाते. मशीनमध्ये असताना तिच्या मागच्या टोकाला असलेला टॅकोमीटर सर्किटला वेग कळवत असतो आणि सर्किट तिला आवरतं. तुम्ही सर्किट बाजूला टाकलं आणि लगाम गेला. आता समजा याच मोटरच्या शाफ्टवर १०० मिमीचं चाक बसवलं आणि ती १२००० ला गेली, तर पट्ट्याचा वेग होतो सेकंदाला जवळजवळ ६३ मीटर. पट्टा तुटून अंगावर येईल, आणि चाक घरी कातलेलं किंवा लाकडाचं असेल तर तेच फुटेल.

आता टोकाकडून बघू. स्टील घासायला पट्ट्याचा वेग सेकंदाला १५ ते २५ मीटर असला की काम चांगलं होतं, शेवटची धार लावायला त्याहून बराच कमी, ५ ते ८ पुरतो, नाहीतर पातळ कड निळी पडते आणि पाणी उतरतं, म्हणजे स्टीलचा कडकपणा जातो. हिशोब सोपा आहे, चाकाचा व्यास मीटरमध्ये, गुणिले ३.१४, गुणिले आरपीएम, भागिले ६०. पन्नास हर्ट्झवर चालणारी टू पोल इंडक्शन मोटर लोडवर साधारण २८८० फिरते, तिच्यावर डायरेक्ट १०० मिमीचं चाक लावलं तर १५ मीटर, १५० मिमीचं लावलं तर साडेबावीस. फोर पोल म्हणजे १४४० वाली घेतली तर १०० मिमीवर फक्त साडेसात, म्हणजे धार लावायला छान पण घासून आकार द्यायला कंटाळवाणी. ताकद म्हणाल तर ५० मिमी पट्ट्यावर दाबून घासायचं असेल तर दीड हॉर्सपॉवर तरी असावी, एकवर चालतं पण हात हलका ठेवावा लागतो. आणि मोटर बंदिस्त बॉडीची घ्या. वॉशिंग मशीनची मोटर उघडी असते, तिचा पंखा लोखंडाची धूळ आत ओढतो आणि ती धूळ वायंडिंगवर आणि ब्रशवर बसते, मग शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.

पट्टा उतरायचं कारण बहुतेक वेळा एकच, सगळी चाकं सपाट असतात. चपट्या पट्ट्याची एक गंमतशीर सवय आहे, तो नेहमी चाकाच्या मोठ्या व्यासाकडे चढतो. पहिल्यांदा ऐकलं की उलटं वाटतं, घसरून खाली यायला हवा ना, पण चाक मधे फुगीर असेल तर पट्ट्याची उताराकडची कड पण चाकाला टेकते आणि त्यामुळे येणारा पट्टा किंचित वाकून मधल्या उंचवट्याकडे तोंड करतो, मग त्याचा प्रत्येक नवा तुकडा आधीच्यापेक्षा थोडा मधे येऊन पडतो, असं करत करत तो बरोबर मधोमध येऊन बसतो. म्हणून वरचं एक चाक, ज्याला ट्रॅकिंग व्हील म्हणतात, ते मधे फुगीर कातून घ्या, काठापेक्षा मधला व्यास मिलिमीटर-दीड मिलिमीटर जास्त, बास. बाकीची चाकं सपाट ठेवा. हे फुगीर चाक एका बिजागरीवर बसवा आणि मागून एक बोल्ट द्या, बोल्ट फिरवला की चाक किंचित कलतं आणि पट्टा डावीउजवीकडे सरकवता येतो. हा बोल्ट आहे म्हणून फ्रेम अगदी मिलिमीटरला मिलिमीटर जुळली नाही तरी चालतं. मी पहिला ग्राईंडर केला तेव्हा सगळं वेल्ड करून पक्कं केलं होतं, ॲडजस्टमेंटला जागाच ठेवली नव्हती, आणि वेल्ड थंड होताना एक हात जरासा ओढला गेला, तेवढ्यावर पट्टा कधी टिकलाच नाही. वेल्डिंग नेहमी ओढतं, त्यामुळे जिथे जुळवाजुळव हवी तिथे लांबट भोकं पाडा आणि बोल्टनं आवळा.

अजून दोन गोष्टी. पट्टा पुढच्या पट्टीवर (जिच्यावर जॉब टेकवून घासतो तिच्यावर) वरून खाली पळाला पाहिजे, म्हणजे ठिणग्या आणि निसटलेला जॉब जमिनीकडे जातो. आणि ज्या नळीतून लाकडाचा भुसा ओढता त्याच नळीत स्टीलच्या ठिणग्या सोडू नका, भुशाच्या पिशवीत ठिणगी तासभर धुमसत राहते आणि आपण दिवा बंद करून झोपायला गेल्यावर पेटते. ॲल्युमिनियमची धूळ तर स्टीलच्या ठिणग्यांच्या आसपास सुद्धा साठू द्यायची नाही.

प्रश्न : पेडेस्टल बेअरिंगवर यूसीपी २०५ लिहिलंय, शाफ्ट किती मिमीचा लागेल?

उत्तर : २५ मिमी. शेवटचे दोन आकडे गुणिले ५, म्हणजे २०४ ला २०, २०६ ला ३०. साध्या ६२०४, ६२०५ ला पण हेच. फक्त शेवटी ००, ०१, ०२, ०३ असेल तर हा हिशोब लागत नाही, ते अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिमी असतात, हे पाठच करून टाका.

प्रश्न : मला बेअरिंग आणि बुश काढा-घालायला हायड्रॉलिक प्रेस करायचीये. २० टनाचा बॉटल जॅक आहे. १०० मिमीचे चॅनल पडून आहेत, दोन चॅनल पाठीला पाठ लावून खालचा बीम केला तर चालेल का? आतली रुंदी ६०० मिमी ठेवायचीये. मित्र म्हणतो लोखंड आहे, काय होतंय त्याला.

उत्तर : इथे मोटर नाही पण "पडून आहेत" हे आहेच, फक्त चॅनलच्या बाबतीत. चला टोकाकडून येऊ. जॅक २० टन जोर देणार, म्हणजे अंदाजे २०० किलोन्यूटन. तो बीमच्या मधोमध येणार आणि बीम दोन टोकांना पिनवर टेकलेला. अशा बीममध्ये मधे वाकवणारा जोर म्हणजे बेंडिंग मोमेंट किती, तर लोड गुणिले लांबी भागिले ४. २०० गुणिले ०.६ भागिले ४, म्हणजे ३० किलोन्यूटन मीटर. साध्या माइल्ड स्टीलला १६५ च्या वर ताण येऊ द्यायचा नाही असं धरलं (मेगापास्कलमध्ये, तुटायला नाही तर कायमचं वाकायला ते २५० च्या आसपास सुरुवात करतं) तर लागणारं सेक्शन मॉड्युलस (बीमच्या आकारामुळे वाकायला होणारा विरोध मोजणारा आकडा) येतं सुमारे १८२ घन सेंटीमीटर. तुमच्या १०० मिमीच्या एका चॅनलचं असतं ३७ च्या आसपास, दोनांचं ७५. म्हणजे निम्मं पण नाही. त्या बीमवर ८ टनापर्यंत निवांत काम होईल, १२ टनाच्या आसपास तो कायमचा वाकायला लागेल, आणि वाकायला लागलेला बीम पिनवरून निसटतो तेव्हा काय होतं ते बघायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

१५० मिमीच्या जड चॅनलचं मॉड्युलस १०० च्या थोडं वर असतं, दोन घेतले की २०० च्या पुढे गेलात, मग २० टन बिनधास्त. तुमचे १०० मिमीचेच चॅनल वापरायचे असतील तर आतली रुंदी कमी करा, रुंदी निम्मी केली की बीमची ताकद दुप्पट होते, म्हणजे २० नाही तरी १६ टनापर्यंत, पण ३०० मिमीच्या प्रेसमध्ये तुमचा जॉब मावणार का हे तुम्हालाच माहीत. तिसरा रस्ता म्हणजे छोटा जॅक, ८ टनाचा, आणि खरं सांगायचं तर घरगुती बेअरिंग-बुशच्या बहुतेक कामाला ८ टन भरपूर होतो. मी असतो तर हेच केलं असतं.

पिनचा हिशोब लोक विसरतात. बीम दोन पिनवर बसतो आणि प्रत्येक पिन दोन ठिकाणी कापली जाऊ शकते, म्हणजे एकूण चार ठिकाणं. २५ मिमीच्या पिनला २० टनावर प्रत्येक ठिकाणी १०० च्या वर ताण येतो, साध्या लोखंडाला तो काठावरचा झाला, ३० मिमीची घेतली की ७० वर येतो. उभ्या खांबांना फक्त ओढ बसते, त्यामुळे तिथे १०० मिमीचे चॅनल चालतील, तुमच्याकडचे तिथे वापरा. पण वरच्या बीमचा जोड नुसता वेल्डवर लटकत ठेवू नका, जोर लोखंडावर टेकला पाहिजे, पिन किंवा जाड बोल्टमधून, वेल्ड फक्त जागेवर धरायला.

जॅक उलटा टांगू नका. बॉटल जॅकमधलं तेल ओढायचं तोंड खालच्या बाजूला असतं, उलटा केला की तो हवा ओढतो आणि पंपच मारत नाही. जॅक सरळ ठेवून तो सरकत्या प्लेटवर बसवतात आणि ती प्लेट दोन बाजूंच्या स्प्रिंगांनी परत वर येते, तेच करा. आणि प्रेससमोर जाड पॉलिकार्बोनेटचं शीट, किमान चेहरा आणि छातीपुरतं. बेअरिंगची बाहेरची रिंग कडक असते, ती वाकत नाही, थेट फुटते, आणि तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. तुमच्या मित्राला एवढंच सांगा की लोखंडाला काय व्हायचं ते होतंच, फक्त आधी आकडा काढला तर आपण तिथे नसताना होतं.

प्रश्न : दादा, मी लाकडाची खेळणी आणि छोट्या पेट्या करते. अँगल ग्राईंडर उलटा करून टेबलाखाली बसवायचा आणि वर दातेरी पातं काढायचं, म्हणजे छोटी टेबल सॉ होईल असं बऱ्याच जणांनी केलेलं बघितलं. माझ्याकडे १०० मिमीचा ग्राईंडर आहेच. बसवू का?

उत्तर : नको ताई. याबाबतीत मी कधीच हो म्हणणार नाही, कारण जी बोटं जाताना मी बघितली ती याच मशीनवर. ग्राईंडर अकरा हजारच्या आसपास फिरतो, त्यावर १०० मिमीच्या पात्याचा दात ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगानं पळतो. ग्राईंडरचं कव्हर घासायच्या चकतीसाठी असतं, दातेरी पात्यासाठी नाही, आणि बरीचशी पाती तर एवढ्या आरपीएमला बनवलेलीच नसतात, पात्यावर लिहिलेला आकडा बघा. पण पातं त्या वेगाला चालणारं असलं तरी खरी भीती वेगळी आहे. लाकूड चिरत जाताना मागे त्याच्या दोन फाका आत मिटतात आणि पात्याला चिमटा बसतो, पात्याचे मागचे दात वर येत असतात, ते लाकूड उचलून थेट तुमच्याकडे फेकतात आणि हात पुढे पात्यावर जातो. याला थांबवायला कारखान्यातल्या टेबल सॉमध्ये पात्यामागे एक पातळ पत्रा उभा असतो, रायव्हिंग नाइफ, तो फाका मिटू देत नाही. ग्राईंडरवर तो बसवायला जागाच नाही.

तुमचं काम काय, छोट्या पेट्या, म्हणजे पातळ लाकूड, सरळ आणि स्वच्छ काप. त्याला हातात धरायची सर्क्युलर सॉ आणि एक सरळ पट्टी क्लॅम्प करून बसवलेली, हे पुरतं. फार लहान तुकडे असतील तर बारीक दातांची हातकरवत आणि कापायचा लाकडी साचा, तो तासाभरात घरी होतो आणि काप असा येतो की रंधा सुद्धा लागत नाही. टेबल सॉच हवी असेल तर रायव्हिंग नाइफवाली घ्या, जुनी चालेल. ही एक गोष्ट घरी करू नका.

प्रश्न : फ्रीजचा कंप्रेसर आणि गॅसची जुनी टाकी, यांचा एअर कंप्रेसर करून फर्निचरला स्प्रे मारायचाय. आवाज येत नाही म्हणतात म्हणून हा विचार. टाकीऐवजी जाड पीव्हीसी पाईपही चालेल का?

उत्तर : टोकाला स्प्रे गन आहे, तर आधी तिला विचारा. फर्निचर रंगवायच्या गनला मिनिटाला १०० लिटर आणि त्याहून जास्त हवा लागते. फ्रीजचा कंप्रेसर एका फेरीला काही घन सेंटीमीटरच ढकलतो, मिनिटाला जेमतेम १५-२५ लिटर. म्हणजे एक फळी मारली की दहा मिनिटं थांबायचं. त्यात त्याचं वंगणाचं तेल गॅसबरोबर फिरून परत यायला बनवलंय, इथे ते हवेबरोबर बाहेर जातं आणि तुमच्या पॉलिशवर डाग पाडतं, आतलं मात्र कमी होत होत एक दिवस कंप्रेसर जाम. एअरब्रशसाठी हे जुगाड छान आहे, आवाज खरंच नसतो, पण फर्निचरला नाही.

पीव्हीसी पाईप हवेसाठी कधीच नाही. पाण्याला चालतो म्हणून हवेला चालेल असं वाटतं, पण पाणी दाबलं जात नाही, फुटलं तरी ओघळून संपतं, हवा मात्र स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते. ५० लिटरच्या टाकीत ८ बारला एवढी ऊर्जा असते की ३०० किलोचं वजन दहा मीटरवरून पडल्यासारखं होईल, आणि पीव्हीसी फुटतो तो धारदार तुकड्यांनी. टाकी कंप्रेसरसाठीच बनवलेली, आतून गंज न चढलेली घ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह असलाच पाहिजे आणि खालून पाणी काढायचा नळ रोज उघडायचा. जुन्या टाकीची तपासणी पाणी भरून, पाण्याच्या दाबावर करून घेतात, हवेवर कधीच नाही, कारण तेच. आणि फ्रीजची नळी स्वतः कापू नका, गॅस मेकॅनिककडून काढून घ्या, नव्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो.

प्रश्न : मी टेबल सॉसाठी क्रॉसकट स्लेड (लाकूड आडवं कापायची सरकती पाटी) बनवली. गुण्या लावून बघितली तर काटकोन बरोबर दिसतो पण फ्रेम जुळवली की एका कोपऱ्यात फट येतेच. गुण्या खराब आहे का?

उत्तर : असेलही, पण गुण्या चांगला असला तरी एवढी बारीक चूक तो दाखवू शकत नाही. मशीनलाच विचारा. एक चौकोनी प्लायचा तुकडा घ्या, स्लेडच्या कुंपणाला (लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीला) टेकवून एक कड कापा, मग ती कापलेली कड कुंपणाला येईल असा तुकडा फिरवा आणि पुढची कड कापा, असे चार काप. पाचव्या कापाला सगळ्यात पहिली कापलेली कड परत येते, ती १० मिमीभर रुंद पट्टी म्हणून कापून घ्या. त्या पट्टीची रुंदी दोन टोकांना व्हर्नियरनं मोजा. समजा ५०० मिमी लांब पट्टीला एका टोकाला १०.० आणि दुसऱ्याला १०.८ आली. फरक ०.८, पण ही चूक चार वेळा साठून आलीये, म्हणून भागिले ४, म्हणजे खरी चूक ५०० मिमीला ०.२ मिमी. आता कुंपणाचा एक स्क्रू पक्का ठेवून त्यापासून ५०० मिमीवरचा दुसरा स्क्रू सैल करा आणि कुंपण ०.२ च्या फीलर गेजएवढं (ठराविक जाडीच्या पातळ पात्याएवढं) सरकवा. कुठल्या बाजूला सरकवायचं ते पट्टीची जाड बाजू कुठली यावरून कळतं, गोंधळ झाला तर सरकवून परत पाच काप मारा, फरक दुप्पट झाला तर उलट गेलात. दोन-तीन फेऱ्यात फट नाहीशी होते. मला ही पद्धत फार आवडते, साध्या करवतीवर चूक चारपट मोठी करून बघता येते आणि बाहेरून काही अचूक हत्यार आणावं लागत नाही.

प्रश्न : काम चालू असताना लाईट गेली, मी मशीनवरचा जॉब काढायला गेलो आणि लाईट आली. थोडक्यात वाचलो. यावर उपाय?

उत्तर : साधा खटका काढून टाका आणि कॉन्टॅक्टर बसवा, हिरवं आणि लाल बटण. हिरवं दाबलं की कॉइल ओढते आणि कॉन्टॅक्टरचा एक छोटा जादा कॉन्टॅक्ट स्वतःच कॉइलला वीज देत राहतो, बटण सोडलं तरी. वीज गेली की कॉइल सुटते, आणि परत आली तरी हिरवं दाबल्याशिवाय मशीन उठत नाही. हे घरच्या प्रत्येक फिरत्या मशीनला हवंच. जोडीला लोखंडी फ्रेमला अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा खटका). वायरिंग जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या पण पुढची फळी कापायच्या आधी करा.

प्रश्न : थ्री फेज मोटर स्वस्तात मिळतेय, घरी सिंगल फेज आहे. व्हीएफडी लावून चालेल ना?

उत्तर : चालेल, व्हीएफडी सिंगल फेजमधून थ्री फेज बनवतो, आणि फ्रीक्वेन्सी बदलून वेग कमी-जास्त करता येतो हा बोनस. पण मोटरवरची प्लेट वाचा. सिंगल फेज २३० वरून चालणारा साधा व्हीएफडी बाहेर पण थ्री फेज २३०च देतो. प्लेटवर डेल्टा २३० / स्टार ४०० (वायंडिंग जोडायच्या दोन पद्धती आणि त्यांचे व्होल्ट) असं काही लिहिलं असेल तर डेल्टात जोडा, झालं. नुसतं डेल्टा ४०० लिहिलं असेल तर ती मोटर सोडून द्या. व्हीएफडी आणि मोटरच्या मधे खटका बसवू नका, चालू-बंद व्हीएफडीच्या बटणांवरूनच करा. आणि २० हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नका, मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तो पण हळू फिरतो आणि मोटर तापते.

प्रश्न : काका, मी पॉलिटेक्निकला आहे. मला स्वतःचा छोटा मेटल लेथ करायचाय. ओतीव बेड परवडणार नाही म्हणून काँक्रीटचा बेड आणि त्यावर दोन १६ मिमीच्या गोल रॉडवर कॅरेज (टूल धरून सरकणारा भाग), असं डिझाईन केलंय. १४४० ची मोटर आहे. वर्गात सगळे म्हणतात काँक्रीटचा लेथ असतो का कधी.

उत्तर : असतो की. पहिल्या महायुद्धात तोफगोळे कातायला एवढे लेथ हवे होते की ओतीव बेडला वाट बघणं परवडत नव्हतं, तेव्हा अमेरिकेत ल्युशियन योमन्स यांनी काँक्रीटच्या बेडचे लेथ करून दाखवले. काँक्रीट जड असतं आणि थरथर पिऊन टाकतं, वेल्ड केलेल्या पोकळ फ्रेमपेक्षा कितीतरी जास्त. तुझा बेडचा विचार चांगला आहे, वर्गाकडे लक्ष देऊ नकोस.

अडचण रॉडमध्ये आहे. ६०० मिमी लांबीचा १६ मिमीचा रॉड फक्त दोन टोकांना धरला आणि मधे ५० न्यूटन म्हणजे जेमतेम ५ किलोचा जोर दिला तर तो ०.३५ मिमी वाकतो. लेथवर आपण ०.०५ च्या गोष्टी करतो आणि तुझा रॉडच त्याच्या सातपट हलतोय. लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट. २० मिमीचा रॉड घेतला तर अडीचपट बरं, पण खरा उपाय म्हणजे रॉडला पूर्ण लांबीत खालून आधार, किंवा रॉड सोडून जाड सपाट पट्ट्या, काँक्रीटवर बसवलेल्या. आता तुझ्याकडे काँक्रीट आहेच, आधार द्यायला त्याच्यापेक्षा चांगलं काय.

मग वेग. साध्या स्टीलला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलनं मिनिटाला ३० मीटरच्या आसपास कापतात. २५ मिमीच्या जॉबला ते येतं ३८० आरपीएम, १०० मिमीच्या फेसप्लेटला ९५. म्हणजे तुला १४४० वरून ९० पर्यंत यायचंय, सोळापट. व्ही बेल्टच्या एका टप्प्यात चारपटीच्या पुढे गेलास की छोट्या पुलीवर पट्टा पुरेसा गुंडाळला जात नाही आणि घसरतो. ए सेक्शनच्या पट्ट्याला छोटी पुली ७५ मिमीच्या खाली नको, म्हणजे मोठी ३००. असे दोन टप्पे, मधे एक काउंटर शाफ्ट, चार गुणिले चार सोळा. मागे या ३०० मिमीच्या पुल्यांना जागा लागणार, ती आत्ताच बेडच्या ड्रॉइंगमध्ये ठेव, काँक्रीट ओतल्यावर आठवून उपयोग नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काँक्रीट ओतताना पट्ट्या त्यात पक्क्या गाडू नकोस. काँक्रीट सुकताना आकसतं, २८ दिवसांत ताकद आली तरी आकसणं पुढेही थोडं थोडं चालू राहतं, आणि पट्ट्या त्याच्याबरोबर ओढल्या जातात. ओतताना फक्त स्टड गाड, पट्ट्या नंतर त्या स्टडवर खालच्या-वरच्या नटांनी लेव्हल करून बसव आणि मगच खालची फट इपॉक्सी ग्राउटनं भर.

पट्ट्या सपाट आहेत की नाही हे कशावर तपासणार, सरफेस प्लेट (तपासणीसाठीची अगदी सपाट प्लेट) नसेल तर? इथे तुला एक जुनी गोष्ट सांगतो जी मला शिकताना कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. दोन प्लेट एकमेकींवर ब्लू (उंच जागा दाखवणारा निळा रंग) लावून घासल्या आणि उंच जागा स्क्रेप केल्या, म्हणजे खरवडल्या, तर त्या एकमेकींना जुळतात, पण एक घुमटासारखी आणि दुसरी वाटीसारखी असू शकते, दोघी चुकीच्या आणि तरी जुळलेल्या. तिसरी प्लेट आणली की हे लपत नाही. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर, तिघी आपसात जुळायला एकच मार्ग उरतो, तिघी सपाट असणं. अधेमधे एक प्लेट ९० अंशात फिरवूनही तपासायची, नाहीतर पीळ राहून जातो. इंग्लंडचे इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ही पद्धत जाहीरपणे मांडली, ते आधी जिथे काम करत त्या हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात ती त्याआधीपासून वापरात होती, आणि कुठल्याही सपाट गोष्टीची मदत न घेता सपाटपणा यातून निघतो.

तेव्हा असं कर. बेड ओत, त्यावर ओलं पोतं टाक आणि रोज पाणी मार. ते २८ दिवस तुला रिकामेच आहेत, त्यात भंगारातून हाताएवढ्या तीन ओतीव प्लेट शोध, एक जुनी कानस घासून तिचा स्क्रेपर कर आणि रोज संध्याकाळी तासभर घास. बेड तयार होईपर्यंत पट्ट्या तपासायला तुझी स्वतःची सरफेस प्लेट झालेली असेल. मोटर तोवर राहू दे बाजूला.